बोलावणं नव्हतं

लिओनेल त्या संध्याकाळी विठ्ठलवाडीला निघाला तो पोळपाट-लाटणं, एक मोठा लोखंडी तवा आणि पत्र्याचे दोन डबे पोचवायला. एवढंच काम होतं. सामान गोणीत बांधलं, गोणी स्कूटरवर पायापाशी ठेवली, ज्युलियानाला म्हणाला, जेवायला थांबू नको, आणि निघाला. गेल्या नोव्हेंबरची दोन तारीख, रविवार. ख्रिस्ती लोकांचा तो मृतांचा दिवस. सकाळी दोघं नवरा-बायको कबरस्तानात फुलं ठेवून, मेणबत्त्या लावून आलेले.

लिओनेल कोण, ते तुम्हा पोरांना ठाऊक नसेल. आपल्या या टॉवरच्या मागच्या भिंतीपलीकडे जुनं बाळकुम आहे ना, त्यातलं निळं कौलारू घर त्याचं. आम्ही एका वर्गातले. मी एसटीत लागलो, तो कारखान्यात फिटर झाला, आता दोघंही घरी बसलोय. ही गोष्ट त्याच्यावर आलेली आहे आणि त्यानं मला समोर बसवून सांगितलेली आहे. साईनाथ, तू मघाशी म्हणालास ना, बाइक घसरली ते नशिबातच होतं, म्हणून आठवली. लाइट आली तरी मधे उठायचं नाही.

सामान होतं रंगूबाईचं. जुन्नरकडची बाई. नवरा लवकर गेला. लिओनेलच्या घरामागच्या दोन खोल्यांत ती आणि तिची मुलगी वल्लरी कित्येक वर्षं भाड्यानं राहायच्या. आपल्या टॉवरांतच पोळ्या करायची ती. शिवानी, तुमच्याकडेही यायची ना?

"हो काका, आठवतात ना. आईशी भांडायच्या. पीठ दुसऱ्या कुणी मळलेलं चालायचं नाही त्यांना."

भांडायचीच. कुणाचं ऐकून घेणारी नव्हती. देवाला रोज हात जोडायची, पण मागायची काही नाही. म्हणायची, माझं मी बघते, त्याला बाकीचे खूप आहेत.

लिओनेलच्या परसात मोठी विहीर आहे. कठडा कधीच पडून गेलेला, म्हणून जमिनीलगत लोखंडी जाळी टाकलेली. जाळी चांगली जड, सगळे तिच्यावरून खुशाल चालायचे. कपडे वाळत घालायची दोरी विहिरीच्या पलीकडे, त्यामुळे दिवसभर जाळीवरूनच जा-ये.

ऑक्टोबरात त्यांचा आगेरा असतो, नव्या भाताचा सण. त्याच्या आदल्या रात्री रंगूबाई त्या विहिरीत पडून गेली. उजाडता उजाडता लिओनेलनंच पाहिलं, त्यानंच हाका मारल्या. आम्ही सगळे धावलो. जाळी अर्धी बाजूला सरकलेली होती. माणूस आत जाईल एवढीच फट.

आता एवढी जड जाळी आपोआप सरकत नाही. पंचनामा झाला, अपघात म्हणून नोंद झाली, पण लोक कुजबुजायचे ते कुजबुजलेच. त्या रात्री मायलेकींचं जोरात वाजलेलं, आख्ख्या आळीनं ऐकलेलं. वल्लरीला पुण्यात नोकरी लागलेली आणि रंगूबाईला ते पसंत नव्हतं. बाईनं रागाच्या भरात जाळी ओढली आणि उडी टाकली, असं लोक बोलायला लागले. जे जरा बऱ्या मनाचे होते ते म्हणायचे, वेळ भरली होती. आणि लिओनेल भेटेल त्याला एकच सांगायचा, देवानं बोलावलं तिला.

वल्लरीनं पुण्याची नोकरी घेतलीच नाही. पंधरा दिवसांत खोली सोडली आणि विठ्ठलवाडीला मावशीकडे जाऊन राहिली. आईचं थोडं सामान मागं राहिलेलं, ते द्यायला लिओनेल गेला.

मावशी घरात नव्हती. वल्लरीनं गोणी उघडली, तवा बाहेर काढला, मांडीवर घेऊन बसली. लिओनेल सांगत होता, पोरगी निम्मी झालेली. बऱ्याच वेळानं तिनं विचारलं, "काका, जाळी जड होती ना?"

"हो."

"मग आईला एकटीला सरकली कशी?"

लिओनेलनं खाली बघितलं. म्हणाला, "देवाची मर्जी, वल्लरी. त्यानं बोलावलं की माणसाच्या अंगात कुठून बळ येतं, कोण सांगणार?"

"म्हणजे तिनंच ओढली."

लिओनेल रिकाम्या गोणीची घडी घालत बसला. तिनं तवा भिंतीला टेकवून ठेवला आणि म्हणाली, "मी तिला म्हणाले होते, जा, मला तोंड दाखवू नको." मग उठून त्याच्यासाठी चहा ठेवला.

चहा पिऊन तो निघाला तेव्हा दहा वाजून गेलेले. येताना त्यानं डोंबिवलीवरून मोठागावचा नवा पूल धरला. हवा गार होती. वर चांदणं, खाली खाडी. रविवार असूनही पुलावर त्या वेळेला एकही गाडी नव्हती.

पुलाच्या मध्यावर स्कूटर मागून दबली.

कुणी मागं बसलं की दबते ना, तशी. एका अंगानं. बायका बसतात तशी.

त्याला वाटलं, टायर बसला. पण गाडी सरळ चालत होती. फक्त जड झालेली. मग पाठीला गार लागलं. शर्ट भिजत चालला. कमरेपासून वर, हळूहळू. आणि वास आला... शेवाळाचा. बंद पाण्याचा. खाडीचा वास तो ओळखतो, जन्म गेलाय त्याचा खाडीकाठी. हा तो नव्हता.

आरशात बघितलं. आरशात मोकळा रस्ता.

तो थांबला नाही. मागं वळून बघितलं नाही. मानकोली गेलं, हायवे गेला, शेजारून ट्रक गेले. कुणी काही बोललं नाही. तोही नाही, आणि... मागचंही नाही. माजिवड्याला सिग्नलला उभा राहिला, तर शेजारचा रिक्षावाला त्याच्याकडे बघून म्हणाला, "अंकल, आंटीला सांगा पदर वर घ्यायला. चाकात जाईल."

शिवानी, जवळ सरकायचं तर सरक. मी काही म्हणत नाही.

घराच्या फाटकाशी आला आणि स्कूटर हलकी झाली. मागं कुणी नव्हतं. सीट मात्र ओली होती, आणि त्याची पाठ. त्यानं शर्ट काढून दोरीवरही टाकला नाही, तसाच गुंडाळून कोपऱ्यात फेकला. ज्युलियाना झोपलेली. तो तिच्या शेजारी जाऊन आडवा झाला. डोळे मिटले.

टण्.

लोखंडावर काहीतरी वाजलं. परसात.

टण्.

वरून काही पडलं की वाजतं, तसं नाही. खालून.

ज्युलियाना कूस बदलायला लागली. ती उठू नये म्हणून, फक्त तेवढ्यासाठी, तो बाहेर गेला. हे त्यानं मला दोनदा सांगितलं. धीर होता म्हणून नाही गेलो, म्हणाला.

जाळी जागेवर होती. चांदण्यात दिसत होती. तिच्याखाली काळं. तो दहा-बारा हातांवर उभा राहिला, गळ्यातला क्रूस मुठीत धरला आणि त्यांची प्रार्थना म्हणायला लागला. लहानपणापासून रोज म्हणतात ती, देवबापाची. आता त्या प्रार्थनेत एक ओळ आहे देवाच्या इच्छेची, तुझ्या मनासारखं होऊ दे अशा अर्थाची. तो त्या ओळीपाशी आला आणि...

"थांब."

विहिरीतून आवाज आला.

"ते त्याच्यावर ढकलू नकोस."

रंगूबाईचा आवाज. जिवंतपणी ती लिओनेलला अहो-जाहो करायची. लिओनेलभाऊ म्हणायची. त्या रात्री पहिल्यांदा त्याला अरे-तुरे केलं.

लिओनेल कसाबसा म्हणाला, "रंगूबाय... तू देवाघरी गेलीस ना?"

"गेले होते."

"मग...?"

"विचारून आले. म्हटलं, मला बोलावलंस का? खाली सगळे सांगतायत, तू बोलावलंस म्हणून."

पाणी हलल्याचा आवाज.

"नाही म्हणाला."

लिओनेल म्हणतो, सगळ्या रात्रीत त्याला याच दोन शब्दांची भीती वाटली. बाकी काही नाही.

"बोलावणं नसताना मी कुणाच्या दारात गेले नाही जन्मात. आता जाऊ? आले परत. म्हटलं, ज्यानं पाठवलं त्याला भेटू."

"मी नाही ढकललं तुला." त्याचा आवाज फुटला. "रंगूबाय, आई मरियेची शपथ, मी ढकललं नाही."

"नाही ढकललंस."

आता ऐका. तोवर जे कुणालाच ठाऊक नव्हतं, ज्युलियानालाही नाही, ते हे. आगेऱ्याला पाहुणे येणार, पाणी लागणार, आणि पंप पाणी ओढेना. म्हणून त्या शनिवारी संध्याकाळी लिओनेलनं पाइप वर काढायला जाळी पहारीनं ढकलून पूर्ण बाजूला केली. तेवढ्यात पाहुणे आले. लाइट गेली. ग्लास भरले गेले, गप्पा झाल्या. म्हणाला, सकाळी बघू. आणि रात्री रंगूबाई, लेकीशी भांडून, अंधारात दोरीवरचे कपडे काढायला निघाली. रोज जायची तशी. जाळीवरून.

पहाटे त्यानं विहिरीत वाकून पाहिलं. पाहिलं, आणि कुणाला हाक मारायच्या आधी पहार घेतली. जाळी अर्धी परत ढकलली. एवढीच फट ठेवली... माणसानं स्वतः केली असेल अशी वाटणारी. मग ओरडला.

"उघडी ठेवलीस," विहिरीतून आवाज आला, "ते विसरलास म्हणून. ते मी सोडून दिलं. पण सकाळी? सकाळी काय विसरलास?"

त्यानं क्रूस आणखी घट्ट धरला.

"तेव्हा तुझा हात कुणी धरला होता? देवानं? सैतानानं?"

"त्याला सगळं आधीच ठाऊक असतं," लिओनेल म्हणाला. हे त्यानं लहानपणापासून ऐकलेलं. "त्याच्या मनात नसतं तर झालं असतं का?"

"ठाऊक होतं त्याला. मग? मला ठाऊक होतं तू दिवाळीला आमच्याकडे करंजी खायला येणार. म्हणून मी ओढून आणलं तुला? आपल्या पायानं यायचास."

यावर मी पुष्कळ विचार केलाय.

"माझी पोरगी झोपत नाही," ती म्हणाली. आवाज जवळ आलेला. जाळीच्या अगदी खाली. "तिला वाटतं मी जीव दिला. मी? तिच्या एका शब्दावरून? दुसऱ्या दिवशी सकाळी मीच तिची पेटी भरणार होते. पुण्याला जा म्हणणार होते. माझं मी ठरवलं होतं. ते पण तू बुडवलंस."

लिओनेल गुडघ्यांवर बसला. "काय करू सांग. सांगशील ते करतो. पोलिसांत जाऊ? सांग तू. जातो. तू म्हणालीस म्हणून जातो."

जाळी एकदम हादरली. चारही कोपऱ्यांनी.

मग काहीच नाही.

मग, अगदी हळू...

"मी म्हणाले म्हणून?"

...

"परत तेच. आधी देवावर टाकलंस, आता माझ्यावर टाकशील. बाई भूत होऊन आली, तिनं भाग पाडलं. नाही. मी तुझ्या मानगुटीवर बसणार नाही. स्वप्नात येणार नाही. तुझ्या बायकोला दिसणार नाही. नाही सांगितलंस तरी तुझं काही वाकडं करणार नाही. तुझं तू ठरव. ठरवता येतं तुला. एवढंच सांगायला आले होते."

"रंगूबाय..."

...

"रंगूबाय?"

पाणी एकदा हललं. बस्स. पहाटे ज्युलियाना उठली तेव्हा तो परसात तसाच बसलेला, अंगात बनियन, दात वाजतायत.

साईनाथ, पुढचं खरं भयानक आहे. ती आलीच नाही. दुसऱ्या रात्री लिओनेल जागा राहिला. जाळी वाजली नाही. तिसऱ्या रात्री मुद्दाम परसात जाऊन बसला. तो पुन्हा त्या पुलावरून रात्री गेला, एकटा, सावकाश. स्कूटर हलकीच राहिली. तो वाट बघत होता, कळतंय का? ती आली असती, गळा धरला असता, तर बरं झालं असतं त्याला. कुणीतरी करायला लावलं असतं. पण सगळीकडे शांत. जेवण गोड लागत होतं. पंपाला पाणी येत होतं. गावातली कुजबुजही थांबत आलेली. गप्प राहिला असता तर आयुष्यभर राहता आलं असतं.

दहा-बारा दिवसांनी तो माझ्याकडे आला आणि हे सगळं सांगितलं. मी विचारलं, "तिनं जा म्हणून सांगितलं का?"

"नाही."

"मग कशाला जातोस?"

"नाही सांगितलं म्हणूनच," तो म्हणाला.

मी त्याच्याबरोबर विठ्ठलवाडीला गेलो. त्यानं आत ये म्हटलं नाही, मी दाराबाहेर उभा राहिलो. सगळं ऐकू येत होतं. त्यानं भुताबद्दल एक अक्षर काढलं नाही. म्हणाला, "वल्लरी, जाळी मी काढली होती. मी परत लावली नाही. सकाळी तुझ्या आईला बघितल्यावर मी ती अर्धी ओढली, माझ्यावर येऊ नये म्हणून. तिनं जीव दिला नाही. ती कपडे काढायला गेली होती."

वल्लरी म्हणाली, "आता म्हणा देवाची मर्जी."

"नाही म्हणत."

"म्हणा ना. त्या दिवशी म्हणालात. इथंच बसून, माझा चहा पिऊन म्हणालात."

"ते माझं होतं," लिओनेल म्हणाला. "दोन्ही वेळेला माझंच होतं."

ती बाहेर आली तेव्हा पायात चपला होत्या. डोळे कोरडे. मला म्हणाली, "काका, तुम्ही घरी जा. यांना पोलीस स्टेशनला मी नेते." आणि नेलं. रिक्षात त्याच्या शेजारी बसून. माफ वगैरे काही केलं नाही, अजूनही केलेलं नाही. पण महिन्याभरानं पुण्याला गेली. तिथंच आहे.

लिओनेलवर केस झाली. हयगयीनं मृत्यू, पुरावा लपवणं. जामिनावर सुटला. ठाण्याच्या कोर्टात तारखा चालू आहेत. वकील म्हणाला, सांगा की त्या सकाळी तुम्ही शुद्धीवर नव्हता, धक्का बसलेला. लिओनेल म्हणाला, "शुद्धीवर होतो. पहार कुठं ठेवली होती ते शोधावं लागलं मला." ज्युलियानानं कितीतरी दिवस त्याच्याशी अबोला धरला. आळीतले लोक तर अजून नावं ठेवतात. एकानं माझ्यासमोर त्याला सुनावलं, "देवानं मिटवलं होतं रे सगळं, तू कशाला उकरलंस?"

लिओनेल म्हणाला, "देवानं मिटवलं नव्हतं. मी झाकलं होतं."

तुरुंग होईल कदाचित. मी त्याला विचारलं, भीती नाही वाटत? म्हणाला, वाटते ना. पण ती माझी आहे.

"आणि रंगूबाई, काका?" शिवानी विचारतेय. "मग देवाकडे गेल्या का त्या शेवटी?"

थांब. तेच राहिलंय.

होळीच्या आधी लिओनेलनं ती विहीर कायमची बंद करायचं ठरवलं. जाळी कापून काढली, सळया बांधल्या, वर सिमेंटचा स्लॅब टाकला. काम संध्याकाळी संपलं. गवंड्यानं पृष्ठभाग थापीनं असा गुळगुळीत केला, की चेहरा दिसावा. चारही बाजूंनी काटेरी तार लावली, मांजर जाऊ नये म्हणून. फाटकाला कुलूप. मी होतो तिथं. शेवटी मी आणि लिओनेल दोघंच उरलो, मग मी घरी आलो.

सकाळी त्यानं मला फोन केला. बोलला काही नाही, ये म्हणाला फक्त.

तार जशीच्या तशी. कुलूप जसंच्या तसं. आणि स्लॅबवर पावलं. अनवाणी, बाईची, टाचेला भेगा असलेली. सिमेंट तोवर घट्ट झालेलं. आत आलेलं पाऊल एकही नाही. सगळी बाहेर जाणारी. फाटकाकडे, रस्त्याकडे तोंड करून, सरळ, कुठंही न अडखळता. गुडघे टेकल्याची खूण नाही, हात टेकल्याची नाही.

अजून आहेत ती तिथं. दिवसा जाऊन बघा, लिओनेल नाही म्हणणार नाही. पहिलं पाऊल स्लॅबच्या बरोबर मधोमध आहे. त्याच्या आधीचं कुठंच नाही.